मी न दिलेला राजीनामा मला आठवतो कसा?

विचारणारे गृहस्थ ३८ वर्षांचे आहेत, पुण्यात आयटीत नोकरी करतात. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं. २०१७ साली कंपनीने त्यांना कपातीत काढलं. लाजेपोटी त्यांनी घरी, नातेवाइकांत आणि पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत सांगितलं, की मॅनेजरशी पटत नव्हतं म्हणून मीच राजीनामा दिला. परवा एक जुना सहकारी भेटला. चहा घेता घेता तो सहज म्हणाला, "त्या दिवशी आपल्याला सगळ्यांना खालच्या मीटिंग रूममध्ये बोलावलं होतं, आठवतं ना?" यांना ते धड आठवेना. यांना दिसतं ते असं, की आपण मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो, टेबलावर पांढरा लिफाफा ठेवला, त्याने मान वर करून पाहिलं. "आमच्याकडे राजीनामासुद्धा पोर्टलवर द्यायचे. हे घडलेलं नाही हे मला माहीत आहे, पण दिसतं हेच. माझी स्मरणशक्ती जातेय का? की हा काही मानसिक आजार आहे?"

आधी काळजीचं उत्तर देते. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा आजार दिसत नाही, आणि स्मरणशक्तीही जात नाहीये. चहाचा कप हातात असताना 'हे तर घडलंच नव्हतं' असं तुमच्या तुम्हाला उमगलं, हीच स्मरणशक्ती शाबूत असल्याची पहिली खूण. मेंदूने त्याचं रोजचं काम केलं, फक्त त्याला आठ-नऊ वर्षं माल खोटा मिळत होता.

मी २४ वर्षं समुपदेशन करते आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं कुटुंब न्यायालयात गेली. तिथे एकाच संसाराच्या दोन हकिकती रोज ऐकायच्या असतात, आणि तारखा पडत जातात तशी एकाच माणसाकडून तीच हकिकत दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा ऐकायची असते. खोटं सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आठवणीचं काय होतं ते मी तिथे पाहिलं. त्यावरचं संशोधन नंतर वाचलं.

तिथे एक गृहस्थ यायचे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते. पहिल्या भेटीत ते म्हणाले, रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती, बायको म्हणाली मी आईकडे जाते, आणि त्यांनीच तिची बॅग उचलून खाली रिक्षात ठेवली. मी वहीत तसं टिपून घेतलं. अर्जात मात्र आलं, की पत्नी रात्री न सांगता घर सोडून गेली. असं लिहिलं की बाजू भक्कम दिसते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मग मोठ्या भावाला, मामांना, सोसायटीतल्या लोकांना, सगळ्यांना ते हेच सांगत राहिले. दोनेक वर्षांनी पुन्हा माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "मॅडम, पहाटे मला जाग आली. बघतो तर दार उघडं, कडी नुसती लोंबत होती." हात वर करून त्यांनी ती कडी हवेत दाखवलीसुद्धा. मी वही काढून रविवारच्या दुपारची आठवण दिली. ते चिडले नाहीत, गोंधळले. "मी असं म्हणालो होतो?" समुपदेशकाला सांगितलेलं गोपनीय राहतं, ती वही न्यायाधीशांसमोर जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या खोलीत खोटं टिकवून धरण्याचं त्यांना काही कारणच नव्हतं. त्यांना ती कडी खरोखर दिसत होती, तुम्हाला लिफाफा दिसतो तशी.

आपल्या भाषेत खोट्याच्या जातींना वेगवेगळी नावं आहेत, आणि मला ती कामात फार उपयोगी पडली आहेत. पदरचं घालून सांगणं वेगळं, हातचं राखून सांगणं वेगळं, कानांवर हात ठेवणं वेगळं आणि वेड पांघरून पेडगावला जाणं आणखी वेगळं. बोलणाऱ्याच्या आठवणीवर या प्रत्येकाचा परिणामही वेगळा होतो. 'खोटं बोललं की स्मरणशक्ती बिघडते' असं सरसकट विधान म्हणूनच करता येत नाही. तुमचं खोटं पदरचं घातलेलं आहे, तेव्हा त्याबद्दल सविस्तर सांगते.

अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मारिया झारागोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना एक चित्रफीत दाखवली. तीत एक मुलगा खुर्चीवरून पडतो, पण त्याला रक्त वगैरे काही येत नाही. नंतर विचारलं, पडल्यावर त्याला रक्त कुठून येत होतं? 'माहीत नाही' म्हणायची मुभा नव्हती, अंदाजाने का होईना उत्तर द्यायचंच होतं. कोणी नाइलाजाने म्हणालं, गुडघ्यातून. त्यावर काही जणांना विचारणाऱ्याने म्हटलं, "बरोबर, गुडघाच." आठवड्याने पुन्हा विचारलं, तेव्हा आपणच रचलेलं ते रक्त चित्रफितीत पाहिलं होतं असं सांगणारे निघाले. ज्यांना 'बरोबर' ऐकायला मिळालं होतं, त्यांच्यात असे जास्त.

आता तुमचं आठवून पाहा. राजीनामा दिला एवढं तुम्ही सांगितलंत, पण ऐकणारा तेवढ्यावर थांबत नाही. "मग मॅनेजर काय म्हणाला?" हा प्रश्न कोणीतरी विचारलाच असणार. त्याचं उत्तर द्यायला केबिन लागते, टेबल लागतं, त्याचा चेहरा लागतो. ते सगळं तुम्ही त्या क्षणी मनात उभं केलंत. आणि "बरं केलंस, माणसाला स्वाभिमान हवा" असं एखादे काका म्हणाले असतील, तर ते तुमचं 'बरोबर, गुडघाच'.

यामागचं कारण असं, की आठवणीवर 'पाहिलेलं' किंवा 'कल्पिलेलं' असा शिक्का नसतो. मार्सिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे नीट मांडलं. एखादी गोष्ट घडलेली आहे की मनात रचलेली, हे आपण आठवताना दर वेळी अदमासाने ठरवतो. रंग, आवाज, जागा असे तपशील भरपूर असले तर ती घडलेली वाटते. रचताना पडलेल्या कष्टांच्या खुणा सापडल्या तर ती रचलेली वाटते. पहिल्यांदा खोटं बोलताना हे कष्ट भरपूर असतात. बाबांना काय सांगायचं याची तुम्ही बसमध्ये उजळणी केली असेल, तोंडाला कोरड पडली असेल. पंधराव्या इंटरव्ह्यूत तीच हकिकत पाढ्यासारखी येते. कष्टाच्या खुणा झिजून गेलेल्या असतात आणि तपशील मात्र दर खेपेला थोडे थोडे वाढलेले असतात. मन आपल्या नेहमीच्या मापाने मोजतं आणि म्हणतं, हे घडलंय.

तिखटमीठ लावून सांगण्याचंही असंच होतं, आणि ते आपण सगळेच करतो. २००० साली बार्बरा ट्वर्स्की आणि एलिझाबेथ मार्श यांनी लोकांना दोन रूममेटची गोष्ट वाचायला दिली. दोघांच्या चांगल्या-वाईट दोन्ही सवयी तीत होत्या. मग काहींना त्यातल्या एकाची तक्रार करणारं पत्र लिहायला सांगितलं, काहींना शिफारस करणारं. शेवटी सगळ्यांना मूळ गोष्ट आहे तशी आठवायला सांगितली. तक्रार लिहिणाऱ्यांना ती तक्रारीच्या बाजूने झुकलेली आठवली, शिफारस करणाऱ्यांना शिफारशीच्या. इथे तर कोणी खोटंही बोललं नव्हतं, फक्त एका बाजूने सांगितलं होतं. सासरची तक्रार माहेरी, माहेरची सासरी, ऑफिसची घरी असं रोज सांगताना आपण स्वतःसाठी काय साठवून ठेवतो, याचा या प्रयोगानंतर मी फार विचार केला. कुटुंब न्यायालयातल्या अर्जांकडे मी तेव्हापासून निराळ्या नजरेने पाहते.

कानांवर हात ठेवण्याचं काम उलट चालतं. तिथे रचायचं काही नसतं. 'नाही' म्हटलं की सुटलो. म्हणूनच ते मनात धरून राहत नाही. लुइझियाना स्टेट विद्यापीठातल्या व्हिएरा आणि लेन यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की कष्टाने रचलेलं खोटं लोकांच्या चांगलं लक्षात राहतं, नुसता नकार दिल्याचं मात्र निसटून जातं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातले हेन्री ओटगार आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं याच विषयावर काम करत आहेत. त्यांना आढळलं ते मला रोजच्या संसारासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: ज्यांनी खोटा नकार दिला, त्यांना मूळ घटना बहुतेक ठीकच आठवत होती, पण त्या घटनेबद्दल आपल्याला विचारलं होतं, आपलं बोलणं झालं होतं, हेच ते नंतर विसरत होते.

हे वाचलं तेव्हा मला एक जोडपं आठवलं. नवऱ्याने शेअर्समध्ये पैसे घालवून पर्सनल लोन काढलं होतं. गणपतीत, मोदकांच्या उकडीला हात लावायच्या आधी बायकोने विचारलं, "कर्ज-बिर्ज काढलं नाहीयेस ना?" तो म्हणाला, "छे." वर्षभराने सगळं उघड झालं तेव्हा तो माझ्यासमोर कळवळून म्हणत होता, "तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिने कधी विचारलंच नाही." तिला कर्जापेक्षा या वाक्याने जास्त दुखावलं. उकड, चुलीवरचं पातेलं, त्याच्या अंगातला शर्ट, सगळं तिला आठवत होतं, आणि हा म्हणतो विचारलंच नाही. तिच्या लेखी हे दुसरं खोटं होतं. त्याला खरंच आठवत नसणं शक्य आहे, हे तिला समजावताना माझी दमछाक झाली. विसरला म्हणून तो निर्दोष ठरत नाही, एक खोटं त्याने बोललंच होतं. पण 'तू आताही खोटं बोलतोयस' या भांडणात त्यांचे सहा महिने गेले, ते वाचले असते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, की एखादी गोष्ट सांगायची तयारी नसेल तर 'नाही' म्हणू नका, 'आत्ता मला यावर बोलायचं नाही' म्हणा. समोरच्याला राग येईल. पण तो प्रसंग दोघांच्याही लक्षात राहील, आणि पुढे बोलायची वेळ येईल तेव्हा पायाखाली काहीतरी असेल.

वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्यांचं, म्हणजे 'मला काहीच आठवत नाही' असं सोंग घेणाऱ्यांचं, थोडक्यात सांगते. स्वीडनमध्ये क्रिस्टियान्सन आणि बिलिन यांनी १९९९ मध्ये लोकांना गुन्ह्याची एक गोष्ट देऊन त्यातला गुन्हेगार व्हायला सांगितलं. काहींनी विस्मरणाचं सोंग घ्यायचं होतं. आठवड्याने त्यांना सोंग सोडून खरं सांगायला सांगितलं, तेव्हा सोंग न घेतलेल्यांपेक्षा त्यांना कमी आठवलं. उजळणीच झाली नाही, हे त्याचं एक साधं कारण दिलं जातं.

हातचं राखून सांगणं सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, आणि माझ्या मते सगळ्यात फसवं तेच आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा असतो, त्यामुळे आपण खोटं बोललो अशी टोचणीच लागत नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्याला आपण खोटं बोललो नाही असंच वाटू शकतं. पण एका घटनेचा काही भाग वारंवार सांगितला आणि काही वारंवार गाळला, तर गाळलेला भाग आठवणं अवघड होत जातं, हे अँडरसन आणि ब्योर्क यांच्या १९९४ च्या कामापासून चांगलं माहीत आहे. नुसत्या कंटाळ्याने गाळलेल्या गोष्टींनाही हे लागू होतं. तुमच्या बाबतीत हेही घडलंय. खालच्या मीटिंग रूमबद्दल तुम्ही आठ-नऊ वर्षांत एकाही माणसाशी बोलला नाहीत. केबिनला शंभर वेळा उजळणी मिळाली, मीटिंग रूमला एकदाही नाही.

आता दुसरी बाजू. हे सगळं वाचून घाबरून जायचं कारण नाही, कारण खोटं बोलणाऱ्या बहुतेकांना खरं काय ते नीट आठवत असतं. डॅनिएल पोलाज यांच्या प्रयोगांत तर बहुतेकांचा रचलेल्या घटनेवरचा विश्वास खोटं बोलल्यावर उलट कमी झाला. 'हे मीच बनवलंय' ही जाणीव घट्ट झाली. थोड्याच लोकांच्या बाबतीत खोटं खऱ्याच्या रांगेत जाऊन बसलं. अनेक वर्षं, अनेकांना, चित्र उभं करत सांगितलेलं आणि ऐकणाऱ्यांनी मान डोलावलेलं खोटं त्या रांगेत बसण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या राजीनाम्याला हे सगळंच मिळालं.

आणि एक गोष्ट डॉक्टरांकडे जाण्याविषयी, कारण असा प्रश्न वाचणाऱ्या कोणाच्या घरी वेगळंच चाललेलं असू शकतं. घरातले वडीलधारे न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगू लागले, 'काल मी गावी जाऊन आलो' म्हणाले आणि काल ते दिवसभर घरीच होते, तर त्याला थापा म्हणू नका. आठवणीत पडलेली भोकं मेंदू आपोआप बुजवतो, त्यात फसवण्याचा हेतू नसतो. डिमेन्शियात हे दिसतं. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांत बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतं, आणि तिथे उपचाराला उशीर करून चालत नाही. अशांना 'खोटं बोलू नका' म्हणून रागावलेलं मी पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

तुम्ही काय करायचं ते आता सांगते.

आठवणीला ताण देऊन 'खरं काय झालं' हे खणायला बसू नका. ताण दिला की मन काहीतरी पुरवतं, आणि ते पुन्हा पदरचंच असू शकतं. कागदापासून सुरुवात करा. रिलिव्हिंग लेटर, शेवटचा पगार जमा झाल्याची बँकेतली नोंद, त्या आठवड्यातले ई-मेल, घरी कोणाला पाठवलेला मेसेज. त्यांच्या तारखा एका कागदावर उतरवा. मग त्याखाली, हाताने, तुम्हाला त्या दिवसाचं जे आठवतं ते लिहा. विशेषणं नकोत, मॅनेजर कसा होता ते नको. कुठे होतो, कोण होतं, काय ऐकलं, नंतर कुठे गेलो, एवढंच. ज्याची खात्री नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह करा. बायकोला किंवा ज्या एका माणसावर तुमचा भरवसा आहे त्याला हे वाचून दाखवा. सगळ्या नातेवाइकांसमोर कबुलीजबाब देण्याची गरज मला वाटत नाही. पण निदान एका जिवंत माणसाच्या कानावर मीटिंग रूम गेली पाहिजे, कारण तिला उजळणी हवी आहे. पुढच्या इंटरव्ह्यूत "२०१७ मध्ये कंपनीत कपात झाली, त्यात माझं नाव होतं" एवढं एक वाक्य पुरतं. आयटीतल्या माणसाला कपात समजावून सांगावी लागत नाही.

केबिनचं चित्र यामुळे पुसलं जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःची एक आठवण सांगितली आहे. लहानपणी पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर त्यांना बाबागाडीतून पळवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि दाईने झटापट करून त्यांना वाचवलं. तिच्या चेहऱ्यावरचे ओरखडेही त्यांना दिसायचे. ते सुमारे पंधरा वर्षांचे असताना त्या दाईने आईवडिलांना पत्र लिहून कबूल केलं, की तो सगळा प्रसंग तिने रचला होता, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळही परत केलं. खरं कळल्यानंतरही पियाजेंना ते चित्र दिसत राहिलं. चित्र राहतं. त्याखालची पाटी बदलता येते, आणि तेवढं पुरतं.

पाटी बदलायला एक वाट मला त्या कडीवाल्या गृहस्थांनी दाखवली. शेवटच्या काही भेटींत एकदा ते बोलता बोलता थांबले. म्हणाले, "मॅडम, आमच्या फ्लॅटच्या दाराला कडी नाहीच. लॅच आहे." बराच वेळ ते नुसते बसून होते. मग म्हणाले, "ती कडी कराडच्या घराची." ते आठ वर्षांचे असताना त्यांचे वडील एका पहाटे घर सोडून गेले होते, आणि त्या दाराची कडी त्यांनी तशी लोंबताना पाहिली होती. रचलेल्या प्रसंगात सामान बऱ्याचदा आपल्याच घरातून आलेलं असतं, दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या दिवसातून.

तुमच्या कंपनीत राजीनामे पोर्टलवर जायचे, असं तुम्हीच लिहिलंय. मग हा पांढरा लिफाफा कुठून आला? पहिल्या नोकरीतला असेल, वडिलांच्या हातात पाहिलेला असेल, सिनेमातलाही असू शकेल. सापडला तर कागदावर त्याच्या मूळ जागी लिहून ठेवा. नाहीच सापडला तर बळेच शोधू नका, नाहीतर त्याचीही एक हकिकत तयार होईल. हे सगळं लिहून झाल्यावर, आधी नाही, त्या जुन्या सहकाऱ्याला पुन्हा चहाला बोलवा. आधी बोलावलंत तर तो सांगेल तेच तुमचं होऊन बसेल. त्याच्यापाशी तुम्ही काही कबूल करायची गरज नाही. फक्त विचारा, त्या दिवशी खालच्या खोलीत कोण कुठे बसलं होतं, आणि तुमच्या कागदावरच्या प्रश्नचिन्हांशी ताडून पाहा.